संसार, सणवार आणि कुंचला

चित्रकलेचा नाद असलेल्या संसारी माणसास एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो: "तुम्हांला वेळ तरी कसा मिळतो?" विचारणाराच्या स्वरांत कधीं कौतुक असतें, कधीं एक बारीकशी शंका असते कीं, घरांतलें कांहींतरी काम तसेंच राहिलें असलें पाहिजे. पुरुषास हा प्रश्न बहुधा पहिल्या स्वरांत विचारतात आणि बाईस दुसऱ्या, असें माझें निरीक्षण आहे. श्रोतेहो, चित्रें कशीं काढावीं हें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. मी हौशी चित्रकर्ती आहें; माझीं चित्रें नातेवाइकांच्या भिंतींवर टांगलेलीं आहेत, आणि तीं तेथें आवडीनें किती व भिडेनें किती, याची चौकशी मीं केलेली नाहीं. मला बोलावयाचें आहे तें वेळेविषयीं. घरांतला वेळ कोणाचा, सणाच्या दिवसांत तो कोण खर्च करतें, आणि कुंचल्याच्या वाट्यास त्यांतला किती येतो, हा विषय दिसावयास लहान असला तरी पुष्कळ घरांतलें सुखदुःख त्यांत गुंतलेलें असतें.

मी राहतें तें सूस गांव पुण्याच्या पश्चिमेस आहे. पाषाण मागें टाकून खिंड ओलांडली कीं मुळशी तालुक्यांतलें हें गांव लागतें. ३० जून २०२१ रोजीं जीं तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं, त्यांत सूसहि होतें. तेव्हांपासून आम्ही शहरवासी झालों. परंतु आमच्या सज्जांतून अजून काळ्या दगडाच्या उघड्या टेकड्या दिसतात, आणि माझी चित्रकला जी कांहीं आहे ती या टेकड्यांच्या आधारानें उभी आहे. आषाढ-श्रावणांत त्या इतक्या हिरव्या होतात कीं, पेटींतला कोणताहि हिरवा पुरत नाहीं. पण तेव्हां हवेंत ओल अशी असते कीं, भिजविलेला कागद तास तास वाळत नाहीं. एका रंगावर दुसरा चढवावा म्हटलें तर दोघेहि एकमेकांत वाहून जातात. चैत्र-वैशाखांत याच्या उलट. कुंचला उचलण्यापूर्वीं रंग वाळलेला असतो, आणि दुपारीं टेकडीला ना छाया ना उठाव. राहतां राहिला आश्विन आणि अर्धा कार्तिक. पावसानें धुतलेली हवा, तिरकें ऊन, लांब निळ्या सावल्या, हिरव्यांतून हळूहळू पिवळें पडणारें गवत! चित्र काढणारानें वर्षभर वाट पाहावी असा हा दीड महिना.

आणि याच दीड महिन्यांत घटस्थापना, दसरा, कोजागिरी व दिवाळी येतात. निसर्गानें आणि पंचांगानें जणूं संगनमत केलें आहे. ज्या सकाळीं टेकडीवर सोनें सांडलेलें असतें, त्याच सकाळीं माळ्यावरचे डबे खालीं उतरवावयाचे असतात.

माझ्या ओळखीचीं हौशी माणसें यावर दोन प्रकारचे उपाय करतात. कांहीं जण सणाच्या दिवसांत पेटी बंद करून ठेवतात व पुढें मार्गशीर्षांत उघडतात. तोंवर हात आखडलेला असतो. दुसरे कांहीं जण पेटी घेऊन पहाटेंच घराबाहेर पडतात व जेवणाच्या वेळेस परत येतात. हे दुसरे बहुतेक पुरुष असतात. त्यांचीं चित्रें चांगलीं होतात हें मी नाकारीत नाहीं. पण त्यांच्या चित्राची किंमत कोणीतरी घरीं बसून, चकलीच्या सोऱ्यावर दाब देत, चुकती करीत असतें.

हौशी माणसानें तैलरंगापेक्षां जलरंग जवळ करावा असें मी म्हणतें, तें घराच्या सोईसाठीं. टर्पेंटाइनचा वास आणि तळणीचा वास एका घरांत सुखानें नांदत नाहींत. जलरंगाची पेटी पांच मिनिटांत मांडतां येते व पांच मिनिटांत उचलतां येते. परंतु जलरंगाचीहि एक अट आहे आणि ती मोठी कडक आहे. आकाश रंगवावयाचें तर कागद भिजवून त्यावर निळा रंग वरून खालीं, न थांबतां, पसरीत न्यावा लागतो. कागदावरचें पाणी जिवंत आहे तोंवरच हें काम होतें. मध्येंच दाराची घंटा वाजली आणि दोन मिनिटें उठावें लागलें, तर तेवढ्यांत रंगाची कड वाळते व आकाशाच्या ऐन मध्यावर एक कठीण रेघ उमटते. ती धुतां येत नाहीं, लपवितांहि येत नाहीं. फार तर तिच्यावर एखादा डोंगर चढवावा लागतो. हौशी चित्रांत डोंगर इतके उंच कां असतात, याचें हें एक कारण आहे.

यासाठीं आमच्या घरीं एक परवलीचें वाक्य रूढ झालें आहे. "आकाश ओलें आहे," असें मीं म्हटलें कीं पुढचीं पंधरा मिनिटें मला कोणी हांक मारीत नाहीं. दार दुसरें कोणीतरी उघडतें, दूरध्वनि दुसरें कोणीतरी घेतें.

आतां स्वयंपाकघरांत पाहा. रव्याच्या लाडवांसाठीं पाक करावयाचा म्हणजे काय असतें, हें ज्यांनीं तो केला आहे त्यांनाच ठाऊक. बोटांत धरून पाहतांना एक तार येते ती क्षणभर. मग दुसरी येते, मग गोळीबंद. पाक पुढें गेला तर लाडू दगडासारखे होतात, मागें राहिला तर वळतच नाहींत. तेव्हां पाकाजवळ उभी असलेली बाई आणि ओल्या आकाशाजवळ बसलेला चित्रकार, या दोघांची अवस्था अगदीं एक आहे. फरक इतकाच कीं, चित्रकारासाठीं सारें घर पाय न वाजवितां चालतें, आणि पाकाजवळच्या बाईस नेमकें त्याच क्षणीं विचारण्यांत येतें कीं, माझा टॉवेल कोठें ठेवला आहे? म्हणून आमच्या घरीं दुसरेंहि एक वाक्य चालतें: "पाक चालू आहे." त्याला पहिल्याइतकाच मान आहे. आणि हीं दोन्ही वाक्यें घरांतल्या कोणींहि उच्चारावीं अशी मुभा आहे. गेल्या दोन दिवाळ्या पाक आमच्या यजमानांनीं केला. त्यांना तो साधतो, कारण हिशेब तपासण्याच्या धंद्यामुळें एका ठिकाणीं नजर लावून उभें राहण्याची त्यांना संवय आहे.

जगांत मोठीं माणसें हौशी चित्रकार होऊन गेलीं, त्यांचे दाखले या बाबतींत नेहमीं देतात. विन्स्टन चर्चिल यांच्या हातीं १९१५ सालीं, चाळिशींत, प्रथम कुंचला आला. डार्डानेल्सच्या मोहिमेच्या अपयशामुळें आरमारखातें हातचें गेलें होतें, मन खचलें होतें. अशा वेळीं सरे परगण्यांतील एका शेतघरीं कुटुंबासह राहत असतां त्यांनीं भावजयीस चित्र काढतांना पाहिलें, आणि मुलांची रंगपेटी पुढें ओढली. तो नाद त्यांना जन्मभर पुरला. आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं राज्यकारभार सांभाळून रामायणावर चित्रमालिका काढली, आणि १९३८ सालीं औंधास असें संग्रहालय उभें केलें कीं, तें पाहण्यासाठीं लोक अजूनहि वाट वांकडी करून जातात. पॅरिसच्या जकातनाक्यावर नोकरी करून रिकाम्या वेळांत चित्रें काढणारा आंरी रूसो तर 'रविवारचा चित्रकार' या शब्दाचें उदाहरणच होऊन बसला आहे. हीं उदाहरणें मला आवडतात. पण माझ्या प्रश्नास त्यांचें उत्तर पुरत नाहीं. चर्चिलसाहेब आकाश रंगवीत असतां भाजी कोणी निवडली, हें त्या चरित्रांत सांपडत नाहीं.

त्यापेक्षां अमेरिकेंतील मोझेस आजीबाई मला जवळच्या वाटतात. १८६० सालीं जन्मलेल्या या शेतकरी बाईस दहा अपत्यें झालीं, त्यांतलीं पांच तान्हेपणींच गेलीं. शेत, गाईगुरें, लोणी, मुरंबे यांत साठ-सत्तर वर्षें निघून गेलीं. हौस म्हणून त्या लोकरीनें चित्रें भरीत. पुढें संधिवातानें सुई धरवेना, म्हणून कुंचला धरला. तेव्हां त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें होतें. १९३८ सालीं एका औषधांच्या दुकानांत मांडून ठेवलेलीं त्यांचीं चित्रें एका जाणत्या गृहस्थाच्या दृष्टीस पडलीं, आणि पुढें तीं देशोदेशीं गेलीं. १९६१ सालीं, एकशेएक वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. त्यांच्या चित्रांत काय आहे म्हणाल तर सणाचीच गडबड: मेजवानीसाठीं टर्की पक्षी धरण्याची धांवपळ, बर्फांतून घसरगाडींत बसून माहेरीं जाणारीं माणसें. ज्या कामांनीं त्यांचा वेळ खाल्ला, त्याच कामांतून त्यांचीं चित्रें निघालीं. ही गोष्ट सांगून पुष्कळ जण बायकांना धीर देतात कीं, पाहा, उशीर झाला तरी चालतें. मला मात्र ती ऐकून पहिला विचार येतो तो मधल्या पन्नास वर्षांचा.

सण म्हणजे चित्राचा शत्रु, असें मात्र मी म्हणणार नाहीं. मराठी घरांत चित्र शिरलें तेंच मुळीं सणाचें बोट धरून. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें आमच्या मावळांतल्या मळवलीस आला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर देवघरांत गेल्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून दिवाळी अंकांची जी परंपरा सुरू झाली, तिनें मध्यम स्थितींतील घरास रंगीत चित्राची चव लावली. माझ्या वडिलांच्या पिढीनें दीनानाथ दलालांचीं मुखपृष्ठें कापून जपून ठेविलीं. श्रावणांत भिंतीवर लावावयाचा जिवतीचा कागद घ्या: वर नरसिंह, शेजारीं कालियामर्दन, मध्यें लेंकुरांनीं वेढलेल्या जरा-जिवंतिका, खालीं बुध आणि बृहस्पति, एवढ्याशा चौकटींत इतकी गर्दी मांडून कोठेंहि गोंधळ होऊं न देणें, हें रचनेचें कसब आहे. नागपंचमीस पाटावर गंधानें नाग काढतात, दिवाळींत मुलें किल्ला करून त्यावर हळीव पेरतात आणि तटांना गेरू फांसतात. हा गेरू म्हणजे लोहयुक्त तांबडी माती. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडाहि मातीचाच आहे, आणि माझ्या विलायती पेटींतला तांबूस रंग त्यांचाच सगोत्र भाऊ आहे.

पण या सर्वांत मला श्रेष्ठ वाटतें तें चैत्रांगण. गुढीपाडव्यानंतर तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तेवढा काळ तिच्यापुढें अंगणांत ही रांगोळी काढावयाची. वर चंद्र-सूर्य, मध्यें मखरांत गौर, भोंवतीं शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्में, तुळशीवृंदावन, पालखी, पाळणा, फणी, करंडा, आरसा, हत्ती, मोर, नाग, कांसव, आंब्याचें झाड. पन्नासाहून अधिक आकृति, आणि त्या सर्व अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींतून सुटणाऱ्या पांढऱ्या भुकटीनें काढावयाच्या. खोडरबर नाहीं, पट्टी नाहीं, कच्ची रेखाटणी नाहीं. हाताची गति कमी झाली कीं रेघ जाड होते, वाढली कीं तुटते. आमच्या सासूबाई हें चैत्रांगण पंचावन्न वर्षें काढीत आल्या आहेत. हत्ती त्या सोंडेपासून सुरू करतात आणि शेपटीशीं हात न उचलतां थांबतात. चित्रशाळेंत रेखांकन शिकलेल्या किती जणांस असा हत्ती साधेल, याची मला शंका आहे.

एकदां मीं चांगला जाड हातकागद आणला, काळा रंग कालवून दिला आणि म्हटलें, "आई, यावर चैत्रांगण काढा ना. जपून ठेवूं."

त्या म्हणाल्या, "कागदावर? अगं, कागदावर का गौर बसते?"

तरी माझ्यासाठीं त्यांनीं कुंचला हातीं घेतला. एक कांसव काढलें, एक गोपद्म काढलें आणि कुंचला खालीं ठेविला. रेघ थरथरत होती. जमिनीवर न थरथरणारा हात कागदावर कां थरथरावा, याचा मीं पुष्कळ विचार केला. त्यांच्या मनांत तें चित्र नव्हतेंच; तें दारीं येणाऱ्या गौरीसाठीं केलेलें एक काम होतें, आणि बिनकामाची रेघ ओढण्याची मुभा त्यांना आयुष्यांत कोणी दिली नव्हती.

हा केवळ आमच्या घरचा प्रकार नव्हे. बिहारांत मिथिला प्रांतीं लग्नघराच्या भिंतीवर बायका पिढ्यान्‌पिढ्या चित्रें काढीत आल्या. १९६६-६७ च्या दुष्काळांत लोकांच्या हातांस काम द्यावें म्हणून सरकारच्या हस्तकला मंडळानें भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकारास तेथें कागद देऊन पाठविलें. भिंतीवरचें चित्र कागदावर उतरलें; त्या बायकांना नांव मिळालें, पैसा मिळाला, आणि त्यांतल्या जगदंबादेवींस १९७५ सालीं 'पद्मश्री' मिळाली. हेच कुलकर्णी पुढें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले. वारल्यांत लग्नाचा चौक काढण्याचा मान सुवासिनींचा. गेरूनें सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें तो काढावयाचा. पण तेथें, लग्नकार्यावांचून, केवळ चित्रासाठीं चित्र काढणारा जो हात पुढें आला आणि जगभर गेला, तो जिव्या सोमा मशे या पुरुषाचा. मशे (१९३४–२०१८) थोर कलावंत होते यांत वाद नाहीं. त्यांची जाळ्याची आणि मुंग्यांच्या रांगांची चित्रें पाहतांना मी थक्क होतें. तरीहि मनांत येतें कीं, ज्यांच्या बोटांत ती कला शतकें होती, त्यांतल्या कितीजणींस दुपारचे दोन मोकळे तास मिळाले असते तर आणखी काय काय पाहावयास मिळालें असतें!

म्हणून माझें म्हणणें अगदीं साध्या भाषेंत असें आहे: घरांत ज्याला किंवा जिला चित्राची आवड असेल, त्यानें सणाच्या यादीबरोबर तासांचीहि यादी करावी, आणि ती सर्वांच्या देखत करावी. आम्ही ती नवरात्राच्या आधल्या रविवारीं करतों. फराळाचे नऊ जिन्नस होत असत, ते चारांवर आणले. यावर एका नातेवाईक बाईंनीं पुष्कळ दिवस नाक मुरडलें. मग त्यांनींहि आपल्या घरीं पांचांवर आणले. अनारसे विकत येतात. माळा साफ करणें हें काम मुलाकडे गेलें, तो तें वाईट करतो आणि आम्ही तें तसेंच चालवून घेतों. त्यांतून दिवाळीपूर्वींच्या पंधरवड्यांत तीन सकाळी माझ्या निघतात. फार नव्हेत, पण तीन सकाळींत टेकडीचीं सहा रेखाटनें होतात, आणि पुढच्या महिन्यांत त्यांवरून सावकाश रंगवितां येतें. घरांत जागा म्हणाल तर सज्जाच्या कोपऱ्यांत एक घडीचें मेज आहे. त्यावर वर्तमानपत्र, इस्त्रीचे कपडे, कोथिंबीर यांपैकीं कांहींहि ठेवावयाचें नाहीं, एवढाच दंडक. मोठ्या चित्रशाळेची आवश्यकता नाहीं. पण जी जागा दर वेळीं मागून घ्यावी लागते, तेथें कोणी दुसऱ्यांदा चित्र काढावयास बसत नाहीं.

या तासांना घाई आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. चार वर्षांपूर्वीं ज्या टेकडीची संपूर्ण कड मीं काढली, तिची आतां उजवी बाजू एका नव्या इमारतीच्या मागें गेली आहे. टेकडी सण आटोपेपर्यंत थांबते, असा आमचा सर्वांचा समज असतो. आणि माणसेंहि थांबत नाहींत. गेल्या वर्षीं सासूबाईंचे गुडघे इतके दुखूं लागले कीं, त्यांना खालीं बसवेना. मुलीला ठिपक्यांची रांगोळी येते, छापहि मारतां येतात. चैत्रांगणांतल्या पांच आकृतिदेखील तिला धड ठाऊक नव्हत्या. त्या पन्नासांचा नकाशा एकाच डोक्यांत होता.

तेव्हां या चैत्रांत आम्ही काम वांटून घेतलें. यजमानांनीं सज्जाच्या फरशीवर गेरू सारवला. त्यासाठीं ते पहाटें उठले. सासूबाई खुर्चीवर बसल्या, हातांत काठी. त्या काठीनें जागा दाखवीत, मी आणि मुलगी चिमटीनें काढीत होतों, आणि प्रत्येक आकृति झाली कीं मुलगा ती एका वहींत उतरवून तिचें नांव लिहीत होता. अडीच तास लागले. एरवीं सासूबाई एकट्या तें पाऊण तासांत करीत. मध्येंच दार वाजलें, तेव्हां सासूबाईच म्हणाल्या, "कोणी उठूं नका गं, आकाश ओलें आहे!"

माझा हत्ती पाहून त्यांनीं बराच वेळ कांहीं म्हटलें नाहीं. मग म्हणाल्या, "पोटांत बराच फराळ गेलाय त्याच्या." पालखी मुलीची चांगली साधली. हत्तीचा डोळा मात्र त्यांनीं कोणास काढूं दिला नाहीं. काठी बाजूस ठेविली, मुलाच्या आणि नातीच्या आधारानें कशाबशा खालीं वांकल्या, चिमटींतून एक ठिपका सोडला, आणि पुन्हां खुर्चीवर टेकत म्हणाल्या, "चला, आतां पन्ह्याचें बघा. बायका पांचाला यायला लागतील."